दावणीपासून जर्नलपर्यंत : पशुपरिचर्येची केस स्टडी कशी लिहावी

पदविकेच्या दुसऱ्या वर्षी कराड तालुक्यातील एका पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रशिक्षणासाठी रुजू झाले, तेव्हा केस स्टडी म्हणजे पुस्तकातील रोगाची माहिती उतरवून तिच्या डोक्यावर एका जनावराचे वर्णन ठेवायचे, अशी माझी समजूत होती. दुग्धज्वर म्हणजे व्याल्यानंतर शरीरातील कॅल्शियम कमी पडून गाय बसते आणि उठत नाही, तो आजार. त्यावरची माझी पहिली केस स्टडी नऊ पानांची झाली. मार्गदर्शक डॉक्टरांनी ती शांतपणे वाचली आणि विचारले, "यात तू पाहिलेली गाय कुठं आहे?" मी पुन्हा वाचले तेव्हा प्रश्नाचा अर्थ कळला. गाईने मान वळवून कुशीवर टेकवली होती असे मी लिहिले होते, कारण पुस्तकात तसे आहे. प्रत्यक्षात त्या गाईची मान सरळ होती. तिला आम्ही तिसऱ्या तासाला कूस बदलून दिली, तिच्याखाली पाचट पसरले, बादली तोंडाजवळ धरली, यातील एक अक्षरही त्या नऊ पानांत नव्हते. ती केस स्टडी मी परत घेतली आणि त्याच गाईवर पुन्हा लिहिली. त्या दुसऱ्या लेखनात जे शिकले, ते पुढच्या विद्यार्थ्यांसाठी इथे क्रमाने मांडते आहे.

ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीय परिचारक हा नोंदणी असलेला स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्या सातारा-सांगलीकडे तेच काम पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक, परिचर आणि आपल्यासारखे प्रशिक्षणार्थी करतात. नाव काही असले तरी परिचर्येच्या केस स्टडीचा गाभा एकच असतो : या एका जनावराला आजारामुळे काय करता येईनासे झाले, ते त्याला पुन्हा करता यावे म्हणून आपण काय केले, आणि त्याचा परिणाम किती वाजता, कसा दिसला.

१. रुग्ण निवडताना

बहुतेक विद्यार्थी दुर्मीळ आजाराच्या शोधात आठवडे घालवतात आणि शेवटी घाईने कोणाची तरी ऐकीव हकिकत लिहून देतात. परीक्षकाला दुर्मीळ रोग नको असतो, आपण नीट पाहिलेले जनावर हवे असते. कृष्णाकाठच्या गावांत संकरित गाई आणि म्हशी असल्यामुळे दुग्धज्वर, कासदाह, व्याल्यानंतर वार अडकणे, पोटफुगी हे आजार वारंवार येतात. माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला खिलार बैल, शेळ्या आणि मेंढ्या अधिक, त्यामुळे तिथे शिंगाच्या शस्त्रक्रियेनंतरची मलमपट्टी, करडांची हगवण किंवा खुरातील जखम हे विषय सहज मिळतात. यांपैकी कोणताही विषय पुरेसा आहे, मात्र ते जनावर किमान तीन वेळा तुमच्या डोळ्यांसमोर आले पाहिजे.

म्हणून निवडण्याआधी पुढची भेट शक्य आहे का, हे विचारून घ्या. माझ्या एका वर्गमैत्रिणीने माडग्याळ जातीच्या मेंढीची चांगली केस घेतली होती. दुसऱ्या भेटीला गेली तेव्हा धनगरांचा वाडा चराईसाठी पुढच्या मुक्कामाला निघून गेला होता आणि केस अर्धवट राहिली. गुंतागुंतीचे रुग्ण शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाकडे पाठवले जातात. तिथपर्यंत मागोवा घेणे जमणार नसेल, तर अशा रुग्णावर केस स्टडी बेतू नका.

एक गोष्ट सुरक्षिततेची. लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या किंवा वागणे अचानक बदललेल्या जनावराच्या तोंडात, ‘घशात काही अडकले असेल’ या समजुतीने, हात घालू नका. ते पिसाळलेले असू शकते. अडकलेली वार किंवा गर्भपाताचा स्राव हातमोज्यांशिवाय हाताळू नका, कारण ब्रुसेल्लोसिस माणसालाही होतो. केस स्टडीसाठी असा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

२. परवानगी आणि ओळख

पशुपालकाची परवानगी आधी घ्या, नंतर नाही. एका कागदावर दोन ओळी लिहून सही किंवा अंगठा घेतला की पुरे : ही माहिती अभ्यासासाठी वापरली जाईल, नाव छापले जाणार नाही आणि छायाचित्र घ्यायला हरकत नाही. दवाखान्याच्या डॉक्टरांचीही संमती लागते, कारण केस पेपर त्यांचा असतो. जर्नलमध्ये मालकाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक उतरवू नये. त्याऐवजी ‘गाय क्र. १’ अशी खूण द्यावी आणि मूळ क्रमांक स्वतःच्या वहीत वेगळा ठेवावा. छायाचित्रात घराची पाटी किंवा माणसांचे चेहरे आले असतील, तर ते कापून टाकावेत.

३. सोबत काय असावे

कागदपत्रे : परवानगीचा कागद, केस पेपरची प्रत, दवाखान्याच्या नोंदवहीतील अनुक्रमांक, प्रयोगशाळेचे अहवाल असल्यास त्यांच्या प्रती, लसीकरणाची नोंद, आणि महाविद्यालयाने दिलेला केस स्टडीचा नमुना. नमुना आधी वाचा. शब्दमर्यादा आणि रकाने प्रत्येक संस्थेत वेगळे असतात.

साधने : थर्मामीटर, स्टेथोस्कोप, सेकंदकाटा असलेले घड्याळ, शिंप्याकडची मापपट्टी, हातमोजे, टॉर्च, खिशात मावणारी वही आणि दोन पेन. गोठ्यात ओल्या हातांनी मोबाइलवर नोंदी करणे जमत नाही. वहीचे पान शेणाने माखले तरी ते जपून ठेवावे, कारण तीच आपली मूळ नोंद असते.

४. हकिकत विचारताना

पशुपालकाला प्रश्न विचारण्याची पद्धत हा या सगळ्या कामातील सर्वांत उपयोगी भाग आहे, असे माझे मत आहे. "जनावर खात नाही का?" असे विचारले की उत्तर "न्हाय खात" एवढेच येते. त्याऐवजी "आबा, काल सकाळपासून तिनं काय काय खाल्लं?" असे विचारावे. मग उत्तर येते, "सकाळी उसाचं वाढं खाल्लं, दुपारी पेंडीला तोंड लावलं नाही, सांजच्याला बसली ती उठलीच नाही." या एका वाक्यात आजाराचा क्रम आणि वेळ दोन्ही आहेत. पशुपालकाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहावेत आणि त्यांचा अर्थ आपण वेगळ्या ओळीत लावावा.

विचारायच्या गोष्टी साधारण अशा : वय, जात, कितवे वेत, कधी व्याली, वार किती तासांनी पडली, दूध किती होते आणि आता किती आहे, वैरण कोणती, पाणी कुठले, शेण-लघवी शेवटची कधी झाली, याआधी असा आजार झाला होता का, लसी कधी टोचल्या, आणि आमच्या येण्याआधी घरी काय दिले. शेवटचा प्रश्न विचारताना स्वर मऊ असावा. बहुतेक घरांत गूळपाणी किंवा तेल बाटलीने पाजलेले असते आणि रागावतील या भीतीने ते सांगितले जात नाही. बसलेल्या, गिळण्याची ताकद कमी झालेल्या जनावराला बाटलीने पाजले तर पातळ पदार्थ फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, त्यामुळे ही माहिती डॉक्टरांना तातडीने कळणे गरजेचे असते. गोठ्यातील कामे बहुधा बायकाच करतात. आबांना विचारून झाल्यावर काकूंनाही विचारा. धार कमी झाल्याचे त्यांना एक दिवस आधी कळलेले असते.

५. पाहणी आणि मोजमाप

गोठ्यात शिरल्याबरोबर हात लावू नका. दारातून दोन मिनिटे पाहा : जनावर कोणत्या कुशीवर बसले आहे, मान कशी आहे, कान हलतात का, रवंथ चालू आहे का. श्वास दुरूनच मोजावा, कारण हात लावल्यावर तो वाढतो. त्यानंतर तापमान, नाडी किंवा हृदयाचे ठोके आणि डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळग्यावर) रवंथपोटाची आकुंचने, असा क्रम ठेवावा. निरोगी प्रौढ गाईचे तापमान साधारण १००.४ ते १०२.८ अंश फॅरनहाइट असते, नाडी मिनिटाला ६० ते ८० आणि रवंथपोटाची आकुंचने दोन मिनिटांत दोन ते तीन. नाडी शेपटीच्या बुडाशी खालच्या बाजूने लागते. ती न लागल्यास स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे ठेवावा.

वजन अंदाजाने लिहिण्याऐवजी मापपट्टीने काढावे. छातीचा घेर इंचांत घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ३०० ने भागावे. उत्तर पौंडात येते, त्याला २.२ ने भागले की किलो मिळतात. घेर ७० इंच आणि लांबी ६० इंच असेल तर ९८० पौंड, म्हणजे सुमारे ४४५ किलो. बसलेल्या जनावराचे हे माप नीट घेता येत नाही. ते उठल्यावर घ्यावे आणि नोंदीत तसे नमूद करावे.

या टप्प्यावरचा सापळा दुग्धज्वराच्या नावातच आहे. ‘ज्वर’ शब्द वाचून विद्यार्थी ताप १०४ लिहून मोकळे होतात. या आजारात अंग थंड पडते आणि तापमान बहुधा नेहमीपेक्षा खाली जाते. माझ्या गाईचे तापमान सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी ९८.६ होते, कान गार होते, नाकपुडीवरचा ओलावा गेला होता, हृदयाचे ठोके मिनिटाला ९२ पण क्षीण ऐकू येत होते, आणि दोन मिनिटांत रवंथपोट एकदाही हलले नाही. मिळाला तो आकडा लिहावा. पुस्तकाशी तो जुळला नाही, तर पुन्हा मोजून दोन्ही आकडे वेळेसह ठेवावेत.

६. निदान आणि औषधोपचार कोणाचे, हे स्पष्ट लिहा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. पदविकाधारकाने किरकोळ सेवा द्यायच्या त्या पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनाने. त्यामुळे ‘मी दुग्धज्वराचे निदान केले आणि कॅल्शियम दिले’ हे वाक्य केवळ चुकीचे ठरत नाही, तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांनाही अडचणीत आणते. ‘डॉक्टरांनी लक्षणांवरून दुग्धज्वराचे निदान केले, त्यांच्या सूचनेप्रमाणे मी बाटली कोमट पाण्यात ठेवून शरीराच्या तापमानाला आणली, डोके धरले आणि औषध शिरेतून जात असताना हृदयाचे ठोके मोजत राहिले,’ असे लिहिले म्हणजे कोणी काय केले ते नेमके कळते. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून वेगाने गेले तर हृदयाची लय बिघडू शकते. ठोके मोजणारा माणूस त्या वेळी किती महत्त्वाचा असतो, हे तुमच्या नोंदीतून आपोआप दिसते.

औषधाची नोंद करताना घटकाचे नाव, तीव्रता, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ या पाचही गोष्टी हव्यात. बाटलीवरचे कंपनीचे नाव पुरेसे नसते. मिलिलिटर आणि मिलिग्रॅम यांची अदलाबदल ही मी सर्वाधिक पाहिलेली चूक आहे. प्रतिजैविक दिले असेल तर दूध किती दिवस संकलन केंद्रावर घालायचे नाही, हे पशुपालकाला कोणी आणि कसे सांगितले, तेही लिहावे. रक्ताचा नमुना कॅल्शियमसाठी घ्यायचा असल्यास तो औषध देण्याआधीच घ्यावा लागतो. नंतर घेतलेल्या नमुन्यातील आकड्यावरून मूळ कमतरता कळत नाही.

७. परिचर्येची योजना : केस स्टडीचा मुख्य भाग

इथे पाने खर्च करा. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय परिचर्येत २००७ साली मांडलेली ‘ॲबिलिटी मॉडेल’ नावाची एक पद्धत मला फार उपयोगी पडली. जनावराच्या दहा क्षमता एकेक करून तपासायच्या, असे तिचे स्वरूप आहे : पुरेसे खाणे, पुरेसे पिणे, लघवी करणे, शेण टाकणे, श्वास घेणे, शरीराचे तापमान टिकवणे, अंग स्वच्छ राखणे, हालचाल करणे, झोप व विश्रांती घेणे, आणि स्वभावाप्रमाणे वागणे. ती मुख्यतः कुत्र्या-मांजरांसाठी वापरली जात असली तरी दावणीच्या गाईला लावताना फारसे अडत नाही. मी रवंथ आणि कास असे दोन रकाने त्यात वाढवले. प्रत्येक क्षमतेपुढे तीन गोष्टी लिहायच्या : एरवी हे जनावर काय करते, आज काय करू शकत नाही, आणि आपण काय केले.

‘एरवी’ हा रकाना विद्यार्थी हमखास रिकामा सोडतात. माझी गाय एरवी हौदावर जाऊन पाणी पिते, बादलीतले पीत नाही, हे घरच्या काकूंनी सांगितले नसते तर तिने बादली नाकारली म्हणजे तहान नाही, असा निष्कर्ष मी काढला असता. आम्ही हौदाचेच पाणी पाटीत आणले आणि ती सहा लिटर प्यायली.

हालचालीच्या रकान्याला मी दीड पान दिले. कॅल्शियम दिल्यानंतर गाईच्या अंगावर थरथर आली, ढेकर आली आणि तिने शेण टाकले. ही औषध लागू पडत असल्याची लक्षणे आहेत. तरीही ती उठली नाही. मोठे जनावर एकाच कुशीवर तासन्‌तास पडले की स्वतःच्या वजनाखाली त्याच्या मांडीचे स्नायू आणि नसा दबतात, आणि मूळ आजार बरा झाला तरी ते उठू शकत नाही. म्हणून दर तीन तासांनी कूस बदलायची आणि त्या आधी व नंतर मागचा पाय चोळायचा, असे डॉक्टरांनी ठरवून दिले. फरशीवर पाय घसरत होते, तेव्हा गाईचे मालक आबांनी तिला चार जणांच्या मदतीने मातीच्या जागेवर सरकवले आणि खाली वीतभर पाचट घातले. छातीवर बसती राहावी म्हणून एका बाजूला पेंढा भरलेली पोती लावली. आडवी पडली तर पोट फुगण्याचा आणि पोटातले पाणी घशाशी येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. कूस किती वाजता बदलली, कोणती कूस वर आली, किती माणसे लागली, त्या वेळी गाईने स्वतः जोर लावला का, हे सारे तक्त्यात होते. सव्वापाच वाजता तिने पुढचे पाय टेकून पहिला प्रयत्न केला आणि ५ वाजून ४० मिनिटांनी ती उभी राहिली. तक्त्यामुळे वाचणाऱ्याला हे दिसले की प्रत्येक वेळी कूस बदलताना माणसे कमी लागत गेली : आधी चार, मग तीन, मग दोन.

कासेच्या रकान्यात एक सूचना महत्त्वाची होती. पहिला दिवसभर कास पूर्ण रिकामी करायची नाही, वासरापुरताच चीक काढायचा, कारण धारेबरोबर कॅल्शियमही बाहेर जाते. दूध अंगावर राहिले तर सड खराब होतील, अशी काळजी काकूंना होती. त्यांना कारण सांगितल्यावर त्यांनी ऐकले, आणि हे संभाषणही परिचर्येचाच भाग म्हणून मी नोंदवले.

८. पुढच्या भेटी

दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीत तीच मोजमापे त्याच क्रमाने घ्यावीत, म्हणजे तुलना करता येते. दुग्धज्वर उलटण्याची शक्यता असल्यामुळे दुसऱ्या दिवशीची भेट चुकवू नये. ‘प्रकृतीत सुधारणा’ हे शब्द एकटे लिहू नयेत, तापमान ९८.६ वरून १०१.२, रवंथ सुरू, दूध चार लिटर, अशा नोंदींनी ती सुधारणा दाखवावी. जनावर दगावले तरी केस स्टडी वाया जात नाही. काय केले, कधी केले आणि कुठे उशीर झाला, हे प्रामाणिकपणे लिहिलेली केस मार्गदर्शकांना अधिक मोलाची वाटते.

९. चर्चा लिहिताना

चर्चेत रोगाची सर्व माहिती ओतायची नसते. तुमच्या जनावरात हा आजार का आला असावा, एवढाच प्रश्न घ्यावा आणि त्याचे उत्तर त्याच्या गोठ्यात शोधावे. माझी गाय तिसऱ्या वेताची, भरपूर दूध देणारी, आणि गळीत हंगामात जवळजवळ पूर्णपणे उसाच्या वाढ्यावर होती. वाढ्यात ऑक्झलेट असते. ते वैरणीतील कॅल्शियमला बांधून ठेवते आणि जनावराला ते मिळू देत नाही. व्याल्यानंतर चिकातून कॅल्शियमची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा तिचे शरीर ती पुरवू शकले नाही. कारखान्याच्या पट्ट्यात वाढे फुकट किंवा स्वस्त मिळते, त्यामुळे ‘वाढे बंद करा’ असा सल्ला कोणी पाळत नाही. डॉक्टरांनी वाढे कमी करून त्याबरोबर कडबा आणि मका द्यायला आणि खनिज मिश्रण नियमित घालायला सांगितले. आबांना परवडेल असा सल्ला कोणता, हा विचार चर्चेत आला की ती या गावची, या गाईची होते.

१०. जर्नलमध्ये उतरवताना

गोठ्यातील वहीतून स्वच्छ प्रत त्याच रात्री करावी. आठवड्याने लिहायला बसले की स्मरणातील रिकाम्या जागा पुस्तकाने भरल्या जातात, आणि माझे पहिल्या वेळी नेमके तेच झाले होते. वाक्ये भूतकाळात लिहावीत, घड्याळाची वेळ प्रत्येक नोंदीला द्यावी, संक्षेप पहिल्यांदा वापरताना पूर्ण लिहावेत. इंटरनेटवरून घेतलेले छायाचित्र आपल्या रुग्णाचे म्हणून कधीही लावू नये. मित्राच्या जर्नलमधील तक्ता आकडे बदलून उतरवला तर तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते, कारण "कूस बदलताना गाईचं डोकं कुणी धरलं होतं?" याचे उत्तर त्या तक्त्यात नसते.

पूर्ण झालेली केस डॉक्टरांना दाखवून औषधांचे आकडे केस पेपरशी पडताळावेत, मगच सही घ्यावी. जर्नल महाविद्यालयात जमा होण्याआधी त्याची एक झेरॉक्स दवाखान्यात ठेवा. ज्या गाईला एकदा दुग्धज्वर झाला तिला पुढच्या वेतातही तो होण्याची शक्यता अधिक असते. पुढची व्यायची तारीख जवळ येईल तेव्हा तुम्ही तिथे नसाल, पण तिची वैरण, तिची पाणी पिण्याची सवय आणि तिला उठायला लागलेले तास त्या कागदावर डॉक्टरांना मिळतील.